ताण बसला की झाड आतून काय सांभाळतं? ज्वारी, डाळिंब आणि अँटिऑक्सिडंट एन्झाइम

सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाची बाग आणि वरच्या रानात रब्बी ज्वारी असलेल्या एका कृषी पदवीधर तरुणाने विचारलं आहे: "ताणात झाडातले अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढतात असं शिकलो. पण कॉलेजच्या प्रकल्पात ज्वारीच्या पानात सुपरऑक्साइड डिसम्युटेज वाढलेलं आणि कॅटालेज मात्र पडलेलं दिसलं. मग झाड तगत होतं की खचत होतं? हे एन्झाइम झाड वर-खाली करतं तरी कसं? आणि उन्हाळ्यात बागेला 'अँटिऑक्सिडंट' म्हणून दुकानात जी बाटली देतात ती फवारायची की नाही?"

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या प्रकल्पातले दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. 'ताणात एन्झाइम वाढतात' हे वाक्य अर्धवट आहे. झाड काही एन्झाइम वाढवतं, काही मुद्दाम खाली आणतं आणि काही टिकवता येत नाहीत म्हणून गमावतं. पेशीच्या कुठल्या कप्प्यात बघता, दिवसाच्या कुठल्या वेळी बघता, ताण सुरू होऊन किती आठवडे झालेत, यावर आकडा ठरतो. बाटलीचं म्हणाल, तर तिच्यात खरोखर एन्झाइम असेल तर ते पानाच्या पेशीत पोचत नाही. जस्त, लोह, मँगनीज, पोटॅश असेल तर उपयोग होऊ शकतो, पण तो तुमच्या रानात त्यांची कमतरता असेल तरच, आणि त्यासाठी एवढी महाग बाटली लागत नाही. आता याची कारणं सविस्तर सांगतो, कारण ती नीट समजली की फवारणीचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

आपली ज्वारी फुलोऱ्यात येते तेव्हा डिसेंबर लागलेला असतो. परतीचा पाऊस संपून कितीतरी दिवस झालेले असतात आणि कोरडवाहू पीक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर उभं असतं. ओल खाली गेली की पानात अॅब्सिसिक आम्ल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रं मिटू लागतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत यायचा कमी होतो. ऊन मात्र तेवढंच असतं. हरितलवक सूर्यप्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन मोकळे करत राहतं, आणि ते ज्या साखर बनवण्याच्या कामात खर्च व्हायचे ते काम मंदावलेलं असतं. मग हे उरलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. उजेडातल्या हरितलवकात ऑक्सिजन असे इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, हे मेहलर यांनी १९५१ साली दाखवलं. म्हणूनच दुष्काळात पान सुकण्याच्या कितीतरी आधी त्याच्या आत जाळ सुरू झालेला असतो. दुपारी ज्वारीचं पान लांबीच्या बाजूने वळून नळीसारखं होतं ना, त्यामागेही हाच हिशोब आहे. पाणी तर वाचतंच, पण पानावर पडणारं ऊनही कमी होतं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची आवकच घटते.

हरितलवक हा एकच उगम नाही. श्वसन करणाऱ्या तंतुकणिकांतून (मायटोकॉन्ड्रिया) थोडं सुपरऑक्साइड गळतं. डाळिंबासारख्या झाडांत प्रकाशश्वसन, म्हणजे उजेडात कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडला गेल्याने होणारी क्रिया, जोरात चालतं आणि त्यातून पेरॉक्सिझोम नावाच्या कप्प्यात हायड्रोजन पेरॉक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतं. शिवाय पेशीच्या बाह्य पटलावर एक एन्झाइम असं आहे जे सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करतं. झाड जी गोष्ट एका हाताने नष्ट करतं तीच दुसऱ्या हाताने स्वतः बनवतं, कारण थोड्या प्रमाणात ती त्याला निरोप पोचवायला लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं आहे.

या साखळीतलं सगळ्यात वाईट रूप म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. हायड्रोजन पेरॉक्साइडची मोकळ्या लोहाशी गाठ पडली की ते तयार होतं, आणि चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याला फोडतं. त्याला आवरणारं एकही एन्झाइम झाडाकडे नाही, प्राण्यांकडेही नाही. त्यामुळे उपाय एकच उरतो: ते तयारच होऊ द्यायचं नाही. म्हणजे पेरॉक्साइड साचू द्यायचं नाही आणि लोह मोकळं फिरू द्यायचं नाही. लोह झाड फेरिटिन नावाच्या प्रथिनात बंद करून ठेवतं. पेरॉक्साइडसाठी मात्र एन्झाइमांची पूर्ण फळी लागते.

त्या फळीत पहिलं येतं सुपरऑक्साइड डिसम्युटेज. १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ते प्राण्यांच्या रक्तपेशींतून ओळखलं, नंतर ते जवळपास सगळ्या सजीवांत सापडलं. झाडात त्याचे तीन प्रकार असतात: तांबं-जस्तवालं हरितलवकात आणि पेशीद्रवात, लोहवालं मुख्यतः हरितलवकात, मँगनीजवालं तंतुकणिकांत आणि पेरॉक्सिझोममध्ये. हे एन्झाइम सुपरऑक्साइड संपवतं खरं, पण त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. म्हणून एकट्या याचा आकडा वाढला एवढ्यावरून झाड सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. पुढचे गडी तयार नसतील तर तुम्ही एक विष घालवून दुसरं साठवलंत एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रबंधांत नेमकं हेच निसटतं. तीन-चार एन्झाइमांचे स्तंभालेख शेजारी शेजारी काढतात, पण एकाचं उत्पादन हा दुसऱ्याचा कच्चा माल आहे हे मांडणीत कुठेच येत नाही.

पेरॉक्साइड संपवणारे मुख्य दोन: कॅटालेज आणि अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज. कॅटालेज हे उजनीच्या सांडव्यासारखं आहे. पातळी चढली की प्रचंड वेगाने रिकामं करतं, एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो, त्याला कुणाची मदतही लागत नाही. पण पातळी खाली असेल तर ते जवळपास गप्पच बसतं. अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज उलटं आहे. अगदी थोडं पेरॉक्साइडही ते टिपतं, मिलिमोलर नव्हे तर मायक्रोमोलर पातळीवर. मात्र प्रत्येक वेळी त्याला अॅस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्व खर्च करावं लागतं. खर्च झालेलं क जीवनसत्त्व परत भरून आणायला ग्लुटाथायोन लागतं, आणि खर्च झालेलं ग्लुटाथायोन भरायला ग्लुटाथायोन रिडक्टेज, ज्याची शक्ती शेवटी प्रकाशसंश्लेषणातूनच येते. फॉयर आणि हॅलिवेल यांनी १९७६ साली हे चक्र सुचवलं आणि जपानच्या असादा यांनी हरितलवकातला त्याचा तपशील उलगडला. तेव्हा अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजचा आकडा बघताना अॅस्कॉर्बेट किती उरलंय हेही बघायलाच हवं. हरितलवकातल्या या एन्झाइमाचा दुबळेपणा असा की अॅस्कॉर्बेट संपलं की पेरॉक्साइडच्या माऱ्यात ते काही सेकंदांतच निकामी होतं.

आता तुमचं पडलेलं कॅटालेज. याचं कारण बहुतेक जण 'ताण झेपला नाही' असं एका ओळीत लिहून मोकळे होतात, पण खरी गोष्ट जास्त समजून घेण्यासारखी आहे. कॅटालेज उजेडाने खराब होतं. दिवसभरात प्रखर उन्हात त्याचे रेणू मोडत राहतात आणि पान त्याच वेळी नवे बनवत राहतं. चांगल्या ओलीच्या दिवशी मोडणं आणि बनणं बरोबरीने चालतं, म्हणून आकडा स्थिर दिसतो. पण उष्णता, क्षार, थंडी, पाण्याचा तुटवडा यांत प्रथिनं बनवण्याचा वेग घटतो; उजेड मात्र तेवढाच राहतो. मग आकडा घसरतो. जनुक बंद केलं म्हणून नव्हे, तर भरपाई मागे पडली म्हणून. दुपारी दोनला नमुना घेतलात तर ही घसरण ठळक दिसेल, पहाटे घेतलात तर कदाचित दिसणारही नाही. तुम्ही कुठल्या वेळी पान काढलं होतं हे वहीत बघा.

कॅटालेज नसेल तर काय होतं याचं एक जुनं आणि फार बोलकं उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९८३ साली बार्लीचं एक उत्परिवर्तित झाड वर्णन केलं गेलं, ज्यात कॅटालेज जवळपास नव्हतंच. साध्या हवेत ते झाड खराब होत होतं. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवून दिला की तेच झाड छान वाढत होतं. कारण कार्बन डायऑक्साइड भरपूर असला की प्रकाशश्वसन जवळपास थांबतं आणि पेरॉक्सिझोममध्ये पेरॉक्साइड फारच थोडं बनतं. यावरून डाळिंब आणि ज्वारी यांतला फरकही उमगतो. डाळिंबात प्रकाशश्वसन मोठं, त्यामुळे कॅटालेजवर भार मोठा. ज्वारी पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड दाटवून ठेवते, प्रकाशश्वसन फारच थोडं, त्यामुळे तिच्यात कॅटालेज थोडं पडलं तरी लगेच आभाळ कोसळत नाही. डाळिंबाच्या पानात तेवढीच घट मी जास्त गांभीर्याने घेईन.

ज्वारीच्या कुळात आणखी एक गंमत आहे. मक्यावर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की ग्लुटाथायोन रिडक्टेज जवळपास पूर्णपणे बाहेरच्या मध्यपर्ण पेशींत असतं, तर शिरेभोवतीच्या पेशींत ते नसल्यासारखंच. म्हणजे आतल्या पेशींत वापरलेलं अॅस्कॉर्बेट भरून घ्यायला बाहेरच्या पेशींपर्यंत जावं लागतं. ही ने-आण मंदावली, थंडीने म्हणा किंवा आणखी कशाने, की आतल्या पेशींतली प्रथिनं आधी खराब होतात. तुम्ही अख्खं पान खलून सरासरी काढता तेव्हा हा भेद दिसतच नाही.

नियंत्रण कसं होतं, हा तुमचा मधला प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्याचे थर आहेत आणि प्रत्येकाचा वेग वेगळा आहे.

सगळ्यात आधी निरोप जातो. ताण जाणवताच पेशीत कॅल्शियम वाढतं, बाह्य पटलावरचं ते एन्झाइम जागं होतं आणि पेशीबाहेर सुपरऑक्साइड, मग पेरॉक्साइड तयार करतं. शेजारची पेशी ते ओळखून स्वतःही तेच करते. अशी लाट अख्ख्या झाडभर पसरते. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात २००९ साली तिचा वेग मिनिटाला ८.४ सेंटिमीटरपर्यंत मोजला गेला. एका पानाला चटका बसला की ज्या पानाला अजून ऊन लागलेलंच नाही तेही तयारीला लागतं. पर्णरंध्रं मिटवण्यातही अॅब्सिसिक आम्लामागून हेच पेरॉक्साइड काम करतं. म्हणून पानातलं पेरॉक्साइड शून्यावर आणणं हे झाडाचं ध्येय नाही आणि ते आपलंही असू नये. निरोपच पुसून टाकला तर झाड बेसावध राहील.

निरोप केंद्रकात पोचला की जनुकं चालू-बंद होतात. उष्णतेत जागी होणारी नियंत्रक प्रथिनं एरवी उष्माघात-प्रथिनांना (इतर प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या मदतनीस प्रथिनांना) धरून शांत असतात. पेशीतली इतर प्रथिनं उन्हाने उलगडू लागली की उष्माघात-प्रथिनं तिकडे धावतात आणि नियंत्रक मोकळे होतात. मग ते उष्माघात-प्रथिनांची जनुकं तर चालू करतातच, शिवाय अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजचीही. म्हणजे उष्णतेपासूनचं संरक्षण आणि ऑक्सिजनपासूनचं संरक्षण एकाच सूचनेवर सुरू होतं.

त्याखाली एक फार सुंदर थर आहे. झाडात सूक्ष्म आरएनए म्हणून छोटे तुकडे असतात, ते ठरावीक जनुकांचे संदेश तोडून टाकतात. त्यातला ३९८ क्रमांकाचा तुकडा तांबं-जस्तवाल्या सुपरऑक्साइड डिसम्युटेजचा संदेश तोडतो. एरवी हा तुकडा भरपूर असतो, म्हणून ते एन्झाइम मर्यादेत राहतं. रामंजुलू सुंकर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की प्रखर उजेड किंवा धातूंचा ताण आला की हा तुकडा कमी होतो, संदेश तुटायचा थांबतो आणि एन्झाइम वाढतं. पण उष्णतेत उलट होतं: २०१३ च्या कामात तोच तुकडा वाढलेला दिसला, एन्झाइम कमी झालं, आणि तरीही झाड उष्णता जास्त चांगली सोसू लागलं. कारण थोडं वाढलेलं सक्रिय ऑक्सिजन, म्हणजे सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड वगैरे, उष्णतेच्या नियंत्रकांना जागं करत होतं. एकच यंत्रणा, दोन ताण, दोन दिशा. 'ताणात एन्झाइम वाढतात' या वाक्यावर माझा राग का आहे ते यावरून कळेल.

हाच तुकडा तांब्याच्या तुटवड्यातही वाढतो. तांबं कमी पडलं की झाड तांबं-जस्तवालं एन्झाइम बनवणं कमी करतं, ते तांबं प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांसाठी राखून ठेवतं आणि हरितलवकात लोहवाल्या एन्झाइमावर भागवतं. आता विचार करा, आपल्या चुनखडीच्या रानात लोहच मिळत नसेल तर ही अदलाबदल कशी जमायची?

जनुकांची वाट तासांची असते. त्याहून जलद बदल तयार प्रथिनांवरच होतात. कॅल्शियमला बांधलेलं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन कॅटालेजला जोर देतं. उलट सॅलिसिलिक आम्ल कॅटालेजला अडवतं, हे १९९३ साली तंबाखूत दिसलं. सॅलिसिलिक आम्लाची फवारणी फार थोड्या मात्रेत उपयोगी पडते असं जे दिसतं त्यामागे हे एक कारण धरलं जातं: पेरॉक्साइड किंचित वाढतं, झाडाला इशारा मिळतो आणि ते तयारी करून ठेवतं. मात्रा वाढवली की तीच फवारणी पान भाजते. ऐन मे महिन्यात, झाड आधीच टोकाला असताना, मी ती कुणाला सुचवत नाही.

आणि कधी झाड कॅटालेज ठरवून उतरवतं. अॅराबिडॉप्सिसमध्ये फुलोऱ्याचा दांडा निघताना एक नियंत्रक प्रथिन पानातल्या कॅटालेजचं जनुक दाबतं. पेरॉक्साइड चढतं, आणि त्या चढण्यातून पान पिकायला सुरुवात करायची सूचना मिळते. पानातलं नत्र आणि बाकी सगळं काढून वर पाठवायचं असतं. ज्वारीत दाणे भरताना खालची पानं पिवळी पडतात तेव्हा तिथल्या कमी कॅटालेजला 'खचणं' म्हणणं चूक ठरेल. तुम्ही नमुना ध्वजपर्णाचा, म्हणजे कणसाखालच्या शेवटच्या पानाचा घेतला की तिसऱ्या-चौथ्या पानाचा, यावर प्रकल्पाचा निष्कर्ष उलटू शकतो.

डाळिंबवाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको, कारण आपण बहार धरायला झाडाला ताण मुद्दाम देतो. आंबे बहारासाठी पाणी तोडतो, मग इथरेलने पानगळ करतो. पाणी हळूहळू कमी केलं तर पानं वेळ घेऊन पिवळी होतात, अन्नद्रव्यं खोडात आणि मुळांत परततात, मग गळतात. हलक्या मुरमाड रानात पाणी एकदम तोडलं आणि ऊन कडक असलं तर पानं हिरवीच करपतात. त्यात नियंत्रण सुटलेलं असतं आणि साठा परत मिळत नाही. दोन्हीकडे 'ताण' एकच शब्द आपण वापरतो, पण पानाच्या आत चाललेलं काम निराळं असतं. म्हणून रान बघून ताणाचे दिवस ठरवा असं जुने बागायतदार सांगतात ते खरं आहे.

प्रकल्पासाठी आता काही गोष्टी सांगतो, कारण पुढे एम.एस्सी. करायचं म्हणता. ताणातल्या पानात पाणी कमी असतं, त्यामुळे 'प्रति ग्रॅम ताजं वजन' असा आकडा काढला की प्रत्येक एन्झाइम आपोआप फुगलेलं दिसतं. कोरड्या वजनावर किंवा प्रथिनावर काढा, आणि प्रथिनही ताणात घटतं हे ध्यानात ठेवून दोन्ही आकडे द्या. पान तोडलं की तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये टाका. पिशवीत घालून प्रयोगशाळेपर्यंत नेलेलं पान वाटेत स्वतंत्र ताण भोगत असतं. अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज काढताना अर्काच्या द्रावणात अॅस्कॉर्बेट घातलं नाही तर एन्झाइम खलातच मरतं आणि तुम्ही शून्य लिहिता. कुंडीतला ताण आणि रानातला ताण हेही एक नव्हे. छोट्या कुंडीत चार-पाच दिवसांत रोप मान टाकतं. आपल्या खोल काळ्या जमिनीत ज्वारीला तीच अवस्था यायला आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत ती मुळं खाली नेते, एन्झाइमांची जुळवाजुळव करते. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी एम ३५-१ ही ज्वारीची जात आपल्याकडे इतकी वर्षं टिकली ती अशा सावकाश येणाऱ्या दुष्काळात. कुंडीतल्या निकालावरून तिच्याबद्दल मत बनवू नका.

आणि फक्त एन्झाइम मोजून थांबू नका, नुकसान मोजा. पटलातली चरबी फुटल्यावर तयार होणारं मॅलॉनडायअल्डिहाइड मोजायला सोपं आहे: ५३२ नॅनोमीटरवर वाचायचं आणि ६०० चं वाचन वजा करायचं. एन्झाइम वाढलं आणि मॅलॉनडायअल्डिहाइड स्थिर राहिलं तर झाड सांभाळतंय. एन्झाइमही वाढलं आणि तेही वाढलं, तर ती वाढ म्हणजे अडचणीची खूण. डोळ्यांनी बघायचं असेल तर पान डीएबी रंगद्रव्याच्या द्रावणात रात्रभर अंधारात ठेवा, मग अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढा. पांढुरक्या पानावर पेरॉक्साइड जिथे साचलं असेल तिथे तपकिरी डाग उरतात. तुकडा भिंगाखाली धरला की डाग सरसकट नसतात हे लगेच कळतं: काही ठिकाणी शिरेला लागून गडद पट्टा, काही ठिकाणी सुटे ठिपके, मध्ये बरीच जागा स्वच्छ. वर्णपटमापीचा एक आकडा हे चित्र कधीच देत नाही.

आता बाटली. तांबं-जस्तवालं सुपरऑक्साइड डिसम्युटेज साधारण ३२ हजार डाल्टनचं, कॅटालेज चार भागांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार डाल्टनचं. पानावरच्या मेणाच्या थरातून युरियासारखा छोटा रेणू जातो. एवढं मोठं प्रथिन जात नाही. समजा गेलंच, तरी हरितलवकात हवं ते एन्झाइम पेशीभित्तिकेत बसून काय करणार? म्हणून लेबलवर एन्झाइमाचं नाव असेल तर पैसे ठेवा. लेबलवर घटकच नसतील, नुसतं 'ताणनाशक' लिहिलं असेल, तर मी ती बाटली हातातही घेत नाही.

झाडाला एन्झाइम आपण देऊ शकत नाही, पण त्यासाठी लागणारे धातू देऊ शकतो, आणि सोलापूरच्या बऱ्याच रानांत हीच खरी अडचण आहे. आपल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या वर. लोह असतं, पण मुळाला मिळत नाही. कॅटालेज आणि अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज दोघांच्याही गाभ्यात लोह आहे. कोवळी पानं शिरा सोडून पिवळी दिसतात तेव्हा हे दोन्ही एन्झाइम उणे असतात आणि तेच झाड मेमध्ये आधी भाजतं. माती तपासून घ्या. अहवालात लोह ४.५ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरा. ज्वारीच्या रानात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि झिंक सल्फेट साधारण हेक्टरी २० ते २५ किलो, शेणखतात मुरवून द्या. नुसतं जमिनीवर टाकलेलं फेरस सल्फेट चुनखडीत लगेच बांधलं जातं. डाळिंबाला ठिबकातून चिलेटेड लोह द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीएचं लोह एवढ्या सामूला टिकत नाही, ते फवारणीला ठेवा. लोह जास्त मात्रेत फवारू नका. मोकळं लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे. तांबं वेगळं देऊ नका. तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधं मारून बागेत ते पुरेसं, बहुधा जरुरीपेक्षा जास्तच, पोचलेलं असतं, आणि जादा तांबं स्वतःच सक्रिय ऑक्सिजन वाढवतं. पोटॅशकडे मात्र लक्ष द्या. ते कमी पडलेल्या पानात साखर अडकून राहते, पर्णरंध्रं नीट चालत नाहीत, आणि प्रखर उन्हात नुकसान आधी दिसतं.

त्याहून मोठा परिणाम आवक कमी करण्याने होतो. फळांवर पश्चिमेकडून उन्हाचे चट्टे पडतात तिथे केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी किंवा पांढऱ्या कापडाचं आच्छादन ऊन परतवतं, फळाच्या सालीत जाळ कमी तयार होतो. ठिबकाखाली उसाच्या पाचटाचं आच्छादन करा, पाणी दोन-तीन वेळा विभागून द्या, म्हणजे दुपारी रंध्रं लवकर मिटणार नाहीत. ज्वारीत भेगा पडू लागल्या की दातेरी कोळप्याने कोळपणी करा; कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आपल्याकडे म्हणतात, आणि ते अर्धं पाणी ध्वजपर्णाचं प्रकाशसंश्लेषण आणखी काही दिवस चालवतं. बागेच्या वेळापत्रकासाठी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशी वाचा, बहारानुसार त्या दिलेल्या असतात.

एवढं करूनही ती बाटली वापरून बघायचीच असेल तर अख्ख्या बागेवर मारू नका. एका रानात, एका वयाच्या तीन ओळी निवडा: एकीवर बाटली, एकीवर फक्त झिंक आणि फेरस सल्फेटची हलकी फवारणी, एकीवर नुसतं पाणी. पाण्याची ओळ सोडू नका, कारण फवारलेलं पाणी स्वतःच पान थंड करतं आणि तो फायदा बाटलीच्या नावावर जातो. तिन्हींवर एकाच दिवशी, संध्याकाळी फवारा. मग तोडणीला चट्टे पडलेली फळं प्रत्येक ओळीत वेगळी मोजून वहीत लिहा आणि आकडे मला पाठवा, आपण ते मिळून बघू.